तुम्ही विचारलंत म्हणून : एकटीचे टेबल

"रोज त्याच हॉटेलात, आणि तेही एकटीने जेवताना तुम्हाला अवघडल्यासारखे होत नाही का?" हा प्रश्न मला ओळखीच्या बहुतेकांनी कधी ना कधी विचारलेला आहे. विचारण्यात कुतूहल असते, थोडी कीव असते, आणि घरी चार माणसांच्या तऱ्हा सांभाळून जेवणाऱ्यांच्या स्वरात किंचित हेवाही असतो, असा माझा समज आहे. आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी मी घराजवळच्या एका लहानशा हॉटेलात जेवते हे खरे आहे. एरवी मी हसून विषय बदलते, पण आता तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा नीट सांगते.

अवघडल्यासारखे होत असे. ते जेवताना मात्र होत नसे. जेवण सुरू होण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत होत असे. दारात "किती जण?" असे विचारले जाते, आपण "एकच" म्हणतो, आणि विचारणाऱ्याची नजर नकळत आपल्या मागे जाते, जणू कोणी पायऱ्या चढून येतच असावे. मग दोघांसाठी मांडलेल्या टेबलावर आपल्याला बसवतात आणि समोरची ताटली, पेला, चमचा एकेक करून उचलून नेतात. त्या उचलण्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, पण भरल्या हॉटेलात आपले एकटेपण मोजून दाखवल्यासारखे वाटते. एका ठिकाणी तर खिडकीजवळची टेबले रिकामी असताना मला भटारखान्याच्या झुलत्या दाराशी बसवले होते, आणि प्रत्येक ताटागणिक ते दार माझ्या खुर्चीला लागत होते. तिथे मी पुन्हा गेले नाही.

गंमत अशी की, ज्याला आपण बोलताना सरसकट हॉटेल म्हणतो, ते रेस्टॉरंट मुळात एकट्याने जेवणाऱ्याच्या सोयीचेच होते. त्याआधी युरोपातल्या खाणावळींत ठरलेल्या वेळी, एका लांब टेबलाभोवती, अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून, यजमानाने जे शिजवले असेल ते जेवावे लागे. ज्याचा हात लांब त्याच्या ताटात अधिक पडे. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये जी नवी दुकाने निघाली, त्यांत प्रकृती सुधारावी म्हणून एक कढण मिळे. 'रेस्टॉरंट' हे आधी त्या शक्तिवर्धक कढणाचे नाव होते, दुकानाला ते मागाहून मिळाले. तिथे हवे तेव्हा यावे, वेगळ्या लहान टेबलावर बसावे, यादीतून हवे ते मागवावे आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, अशी रीत पडली. थोडक्यात, नाजूक प्रकृतीच्या माणसाला इतरांच्या भुकेशी झगडावे लागू नये, ही त्यामागची सोय होती. आज त्याच जागेत एकट्या माणसाला "अजून कोणी येणार आहे का?" असे विचारले जाते, याचे मला राहून राहून हसू येते.

अर्थात पॅरिसच्या सहाशे वर्षे आधी चीनमधल्या सोंग राजवटीच्या राजधानीत, काइफंगमध्ये, हे सगळे होते. ते शहर ११२७ मध्ये शत्रूच्या हाती पडले. तिथून परागंदा झालेल्या मंग युआनलाओ यांनी ११४७ मध्ये आपल्या आठवणींना प्रस्तावना लिहिली, आणि त्या आठवणींत राजवाड्यांबरोबर हॉटेलांतले वाढपीही आहेत. प्रत्येक गिऱ्हाईक वेगळे काही मागे, कोणाला गरम हवे, कोणाला थंड, आणि वाढपी ते सारे डोक्यात ठेवून भटारखान्यापुढे एका दमात म्हणून दाखवी. चुकला तर मालकाची बोलणी खाई. गेलेले शहर आठवताना माणसाला हे आठवावे, यात मला मुळीच नवल वाटत नाही.

घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला एक 'तिसरी जागा' लागते, असे समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये मांडले, आणि गप्पा हा त्या जागेचा प्राण मानला. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला वाढणाऱ्या काकांशी माझे वर्षभरात जेवढे बोलणे होते, ते एका पोस्टकार्डावर मावेल. त्यांना माझे नाव ठाऊक नाही आणि मी त्यांचे विचारलेले नाही. पण मी डावखुरी आहे हे त्यांनी केव्हातरी पाहिले असावे, कारण पाण्याचा पेला ते माझ्या डाव्या हाताला ठेवतात. त्यावर आम्ही एक शब्दही बोललेलो नाही. दिवसभर ज्यांना माझे नाव, हुद्दा आणि फोन नंबर पाठ असतो, त्यांच्यापैकी किती जणांनी माझा हात पाहिला असेल, कोण जाणे.

एकटीने दोघांचे टेबल अडवायचे असेल, तर काही पथ्येही पाळावी लागतात. लहान हॉटेलाचा धंदा रात्रीच्या दीड-दोन तासांच्या गर्दीवर चालतो. त्या वेळी रिकाम्या ताटापुढे पुस्तक उघडून बसणे म्हणजे मालकाच्या गल्ल्यावर हात मारणे होय. म्हणून मी साडेसातला जाते आणि सव्वाआठला उठते. त्यात माझाही स्वार्थ आहे. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्येच दाखवून दिले होते; उघड्या भिंती आणि फरशीच्या खोलीत नऊच्या सुमारास प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर मात करू पाहते, आणि माझ्या पुस्तकातले एक वाक्य चारदा वाचावे लागते.

मागच्या महिन्यात धाकटी बहीण दोन दिवस राहायला आली होती. तिला मी तिथेच नेले. काकांनी सवयीने आणलेला एक पेला माझ्या डावीकडे ठेवला, मान वर करून तिच्याकडे पाहिले, आणि लगबगीने आत जाऊन दुसरा आणला. त्या संध्याकाळी आम्ही साडेनऊपर्यंत बसलो, माझी सगळी पथ्ये मोडून, आणि कोणीही आम्हाला उठवले नाही.

तिला गाडीत बसवून दुसऱ्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी गेले, तेव्हा माझ्या टेबलावर दोन पेले मांडलेले होते. मी बसल्यावर काकांनी क्षणभर दाराकडे पाहिले, फडक्याने आधीच पुसलेले टेबल पुन्हा एकदा पुसले, आणि दुसरा पेला तसाच राहू दिला.