काय चुकलं ते सांगा

उत्तरायण झालं, गच्चीवरचा मांजा गुंडाळून झाला की आम्हा मोजक्या बडोदेकरांना तळ्याचे वेध लागतात. पहिल्या नाहीतर दुसऱ्या रविवारी, आचारी मिळेल तसा, पादरा रस्त्यावरच्या एका शेततळ्याकाठी आमच्या मंडळाचा मेळावा भरतो. रिमोटवर चालणाऱ्या लाकडी नावांचा. त्याही तयार पेटी आणून जोडलेल्या नव्हेत. कण्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत घरी कापलेल्या. नवा पाहुणा हमखास विचारतो, विश्वामित्री शहरातून वाहतेय, मग एवढ्या लांब कशाला? नदीत मगरी आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

दीपप्रज्वलन, स्वागत वगैरे होतं. जमाखर्च मी वाचते आणि तो कोणी ऐकत नाही.

माझा जीव अडकलेला असतो पुढच्या तासात. नवी नाव पाण्यात सोडण्याआधी ती करणाऱ्याने दोन मिनिटं बोलायचं, आणि फक्त काय चुकलं तेवढंच सांगायचं, असा आमचा जुना नियम आहे. मग एक जण सांगतो, डाव्या अंगाच्या सगळ्या पट्ट्या आधी चिकटवल्या, उजव्या नंतर, आणि सांगाडा केळ्यासारखा वाकला. एका ताईंनी १०० टनी मच्छीमार बोट २४ पट लहान केली. वजन मात्र २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट कमी धरायचं असतं. तशी ती सव्वासात किलोची हवी होती. त्यांची भरली साडेपाच. घरच्या हौदात ती बुचासारखी वर तरंगली आणि बोट लावलं की कलंडायला लागली. शेवटी तळाशी शिसं भरलं. मीही एकदा पंख्याच्या दांड्याच्या नळीत ग्रीस भरायला विसरले होते आणि तिथून पाणी आत शिरलं. त्यावर मी बोलले ते दोनच वाक्यं. रिसीव्हर काठावर उन्हात वाळत होता.

पण मला आठवतं ते मंडळातल्या एका आजोबांचं भाषण. हे आयुष्यभर फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करत आले. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो आणि त्यासाठी या लोकांची मोजपट्टीच वेगळी असते. निवृत्तीनंतर त्यांनी ९०० मिलीमीटरचं गलबत करायला घेतलं, कच्छ-मांडवीला अजून बांधतात तसलं. सांगाडा आजोबांनी केला, डेक नातवाने कापला. डेक बसेना. नऊ मिलीमीटर तोकडा.

आजोबांनी खिशातून दोन पट्ट्या काढल्या, स्वतःची स्टीलची आणि नातवाच्या कंपासपेटीतली, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आम्ही वाकून पाहिलं. शून्यावर दोन्ही जुळत होत्या. तीसच्या आकड्याला पोचेपर्यंत तीन मिलीमीटरची तफावत. ते म्हणाले, "हा म्हणत होता, आजोबा, माझी पट्टी बरोबर आहे. मी त्याला दोन दिवस रागावलो." मग थांबले. पुढचं काही बोलायचं असावं, पण बोलले नाहीत. मागच्या फटीत त्यांनी सागाची चीप बसवली होती आणि तेवढीच जागा मुद्दाम बिनरंगाची ठेवली होती.

हे ऐकायला किती जण होते? वीसेक. सेवउसळीला साठ पानं उठली होती! वर्गणीच्या वेळी जे 'बाहेरगावी' असतात ते पावाची लादी फुटताना बरोबर हजर होतात आणि भाषणाच्या वेळी त्यांना गावात लग्न निघतं. नावं घेत नाही. त्यांना कळेल.

ज्यांच्या जिवावर हे चालतं त्यांची आठवण काढायची मात्र राहायला नको. शेताचे मालक आणि त्यांच्या सूनबाई, ज्या तळ्यातलं शेवाळ आदल्या दिवशी काढून ठेवतात. सागाची छाटण फुकट देणारे सुथारभाई. लेथवर दांडे करून देणारा मुलगा. पहाटे चारला उसळ शिजत घालणाऱ्या मावशी, आणि कांदा कापणाऱ्या त्यांच्या जावा, दोघी. ट्यूबवर बसून बंद पडलेल्या नावा ओढून आणणारी शेजारच्या वाडीतली पोरं. आणि चिमट्यांचा फळा सांभाळणारे काका. पूर्वी २७ मेगाहर्ट्झचे सेट होते. एका फ्रिक्वेन्सीवर दोघांनी रिमोट चालू केला की एकाची नाव दुसऱ्याचं ऐकायची, म्हणून ज्याच्याकडे चिमटा त्यानेच बटण दाबायचं. आता २.४ गिगाहर्ट्झवर ती भानगड नाही. काका तरी फळा आणतात, आणि आम्ही चिमटे लावून घेतो.

टेम्पोवाल्याचा मुलगा राहिलाच की. त्या वर्षी पादऱ्याच्या रस्त्यावर खड्डे फार होते. आजोबांचं गलबत तो अख्ख्या वाटेत मांडीवर धरून बसला होता, आणि उसळ संपल्यावर जेवला.