बायबलच्या वर्गात बिग बॉस कशाला?

"टीचर, पोरांनी मालिका बघू नयेत म्हणून आम्ही रिमोट लपवतो, आणि तुम्ही रविवारच्या वर्गात मालिकांवरच बोलता? बायबलमध्ये गोष्टी कमी आहेत का?" मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर पालक पायऱ्यांवर गाठून विचारतात, मे महिन्यात खुरसाकडच्या (क्रुसाजवळच्या) लादाइनीला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, उकडलेले चणे खाता खाता विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

गोष्टी कमी नाहीत हो. पण त्यातली माणसं कशी आहेत बघा. लूकच्या शुभवर्तमानातला, सोळाव्या अध्यायातला कारभारी मालकाचा पैसा उडवतो, आणि नोकरी जाणार म्हटल्यावर ऋणकऱ्यांना बोलावून शंभर बुधले तेलाचे पन्नास लिहायला लावतो. आठच्या मालिकेत हा खलनायक म्हणून सहज खपेल. येशू मात्र म्हणतो, ह्याची हुशारी बघा. अठराव्या अध्यायातला न्यायाधीश ना देवाला भितो, ना माणसांची पर्वा करतो. विधवा पिच्छा सोडत नाही म्हणून वैतागून न्याय देतो. गोष्ट सांगताना प्रभूचं सज्जन पात्रांवाचून अडलं नाही, तर माझं का अडावं?

शिवाय आपण गोव्यात राहतो. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये इथे आले. लोकांच्या कानाला पुराणाची सवय आहे हे त्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ओळखलं आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली. 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' इथल्याच रायतूरला छापलं गेलं, जवळपास 11 हजार ओव्यांचं. तियात्रातल्या, म्हणजे कोंकणी नाटकातल्या, कांतारांतून (गाण्यांतून) तर अजून उपदेश होतो, आणि तो ऐकायला माणसं तिकीट काढून जातात. तेव्हा करमणूक आणि धर्म एका पंगतीला बसवणारी मी काही पहिली नव्हे. आणि टीव्हीला संरक्षक संतसुद्धा आहे बरं का! आसिसीची संत क्लारा. आजारपणामुळे नाताळच्या मिस्साला जाता आलं नाही, तेव्हा खोलीतच तिला ती मिस्सा दिसली, अशी कथा आहे. त्यावरून पोप पायस बारावे यांनी 1958 मध्ये तिला हा मान दिला.

पण एक गोष्ट मी करत नाही. नायकाने दुसऱ्याचा आळ स्वतःवर घेतला की लगेच त्यात ख्रिस्त शोधायचा, सोशिक सुनेत मारिया बघायची, हे मला पटत नाही. असं ओढूनताणून बसवलेलं पोरांना बरोबर कळतं, आणि ती मान डोलावून मोकळी होतात. मालिका शुभवर्तमानाच्या अगदी उलट दिशेला निघाली की मला बोलायला विषय मिळतो. म्हणून बिग बॉस.

त्या घरात कन्फेशन रूम असते. एकच खुर्ची, समोर कॅमेरा, आणि तोंड न दिसणारा आवाज. बहुतेकदा तिथेच नॉमिनेशन होतं: घराबाहेर कुणी जावं, दोन नावं घ्या, कारणं द्या. मी वर्गात विचारलं, आपल्या कुमसारात, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करण्यात, आणि ह्यात फरक काय? पहिलं उत्तर आलं, "तिथे एसी असतो." मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तिथे दुसऱ्याची पापं सांगतात." ह्यापुढे मी काय शिकवणार! राहिलेलं एवढंच सांगितलं, की तिथला शब्द न् शब्द घरोघरी दाखवला जातो, आणि इकडे कुमसारात ऐकलेलं फादरने उघड केलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो, असा चर्चचा कॅनन कायदा आहे. पोरं चपापली. कुमसाराला जायला लाजणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

त्याच दिवशी उधळ्या पुत्राची गोष्ट काढली. धाकटा मुलगा बापाकडून घेतलेली मिळकत उधळून कफल्लक होऊन परततो, आणि बाप आनंदाने मेजवानी घालतो. ह्या गोष्टीत सगळ्यांचं लक्ष धाकट्याकडे. आम्ही थोरल्याला कन्फेशन रूममध्ये बसवलं. तो शेतातून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, आणि दारातच अडून बसतो. मग कारणं देतो: मी इतकी वर्षं राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, मला साधं करडू मिळालं नाही; ह्याने तुमची मिळकत वेश्यांवर उडवली. नॉमिनेशनच की हे! धाकट्याला भाऊ म्हणायचीसुद्धा त्याची तयारी नाही. आणि खरं सांगायचं तर कारणं चोख आहेत. मतदान घेतलं असतं तर धाकटा त्याच रात्री बॅग भरून बाहेर. आमच्या वर्गातही तो गेलाच, दणदणीत मतांनी. "पण टीचर, तो खरंच वाईट वागलाय," हे त्यांचं म्हणणं खोडून काढायचा मी प्रयत्नही केला नाही. फक्त विचारलं, मग बाप अंगणात का आला? मेजवानी टाकून, पाहुणे आत ठेवून, त्या रुसलेल्याची मनधरणी करायला?

थोरला शेवटी आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही. पोरांना हे भारी लागलं. पुढचा भाग कुठे आहे म्हणून एकाने खरोखरच पान उलटून पाहिलं.

राहता राहिला तुमचा दुसरा प्रश्न: मी त्यांना बिग बॉस बघायला सांगते का? मुळीच नाही. त्यातल्या शिव्या आणि भांडणं मलाच तासभर सहन होत नाहीत. कुणी काय बघावं ते त्या त्या घराने ठरवावं, आणि ज्यांच्या घरी ते लागत नाही त्यांना शेजारच्या बाकावरून सगळी हकिकत मिळतेच. रिमोट खुशाल लपवा. फक्त संध्याकाळच्या तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) टीव्हीचा नुसता आवाज बंद करून पडद्याकडे तिरक्या नजरेने बघत 'नमो मारिया' म्हणणारे आपल्याकडे पोरांपेक्षा मोठेच जास्त आहेत, तेव्हा लपवताना तेवढं बघा.