50 मिनिटांची फाईल दीड मिनिटात

आमची बँक सहकारी, लातूर जिल्ह्यातली. रोज दिवसअखेर, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचं काम, झाली की सगळ्या खात्यांच्या शिलकीची टेक्स्ट फाईल ओरॅकल या डेटाबेसमधून काढून शाखांना पाठवायची. सुमारे 6 लाख ओळी, वेळ 50 मिनिटं. जूनमध्ये पीककर्जाची गर्दी वाढली, दिवसअखेर पहाटेपर्यंत लांबू लागली. एके सकाळी निलंग्याहून फोन आला, "सर, यादी अजून आली नाही. लोक पेरणी सोडून येऊन बसलेत." ते फार लागलं मनाला.

मी आधी क्वेरीवरच, म्हणजे डेटा मागवणाऱ्या आज्ञेवरच, संशय घेतला. दोन दिवस इंडेक्स (डेटा लवकर सापडावा म्हणूनची सूची) लावण्यात गेले, फरक शून्य. मग फाईलमध्ये लिहिणारी ओळ तेवढी बंद करून प्रोग्राम चालवला. 50 सेकंदांत संपला! म्हणजे डेटा झटपट येत होता, सगळा वेळ लिहिण्यात जात होता. हे मोजमाप पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

कोड उघडला तर फाईलमध्ये ओळ लिहिणाऱ्या प्रत्येक पुट_लाईननंतर एफफ्लश. ओळ झाली की लगेच डिस्कवर ढकल, असं 6 लाख वेळा. त्यात ते फोल्डर नेटवर्कवरून जोडलेलं, दुसऱ्या मशीनवरचं. एफफ्लश काढून टाकलं, फाईल सर्व्हरच्याच डिस्कवर लिहायची आणि पूर्ण झाल्यावर एकदाच कॉपी करायची असं केलं. वेळ आला सव्वादोन मिनिटांवर.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण फाईल लिहिण्यासाठीचं ओरॅकलचं पॅकेज, यूटीएल_फाईल, त्याला दर ओळीला हाक मारण्याचाही खर्च असतोच. म्हणून ओळी एका व्हेरिएबलमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवायच्या आणि 32,767 बाइट भरत आले की एकदम लिहायच्या, असं ठरवलं. फाईल उघडणाऱ्या एफओपनमध्ये ओळीची कमाल लांबीही तेवढीच द्यावी लागते, नाहीतर ती 1,024 धरली जाते. टेस्टवर सगळं सुरळीत चाललं. खऱ्या डेटावर मात्र सुरू होताच ओआरए-06502, म्हणजे मजकूर व्हेरिएबलमध्ये मावत नसल्याची चूक.

टेस्टमध्ये नावं इंग्रजीत होती, खऱ्या खात्यांत मराठीत. मी जागा लेंग्थ या फंक्शनने मोजत होतो, आणि ते अक्षरं मोजतं. आमचा डेटाबेस यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतला. त्यात 'शिंदे' लिहिलं तर श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा असे 5 घटक होतात आणि प्रत्येकाला 3 बाइट लागतात. लेंग्थ सांगतं 5, बाइट मोजणारं लेंग्थबी सांगतं 15. आपल्या भाषेत डेटा ठेवणाऱ्या प्रत्येकाने इथे लेंग्थबीच वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

तेवढं बदललं आणि फाईल निघाली. ओळी मोजल्या तर शे-दीडशे कमी, सगळ्या उदगीरच्या. लूप संपल्यावर व्हेरिएबलमध्ये उरलेला मजकूर लिहायचा राहिला होता. लूपच्या बाहेर एक पुट_लाईन टाकली, जुन्या आणि नव्या फाईलची ओळ न् ओळ ताडून पाहिली. दीड मिनिट.

दुसऱ्या दिवशी शाखा उघडायच्या आत यादी निलंग्याला पोचलेली होती.