बख्त बुलंद शाह, हिस्लॉप आणि टाटा एका टेबलाशी: पहिला भाग कुठवर आला

वेगवेगळ्या काळातल्या ऐतिहासिक व्यक्तींना एका टेबलाशी बसवून बोलतं करणाऱ्या आमच्या मराठी कार्यक्रमाच्या पहिल्या भागाची संहिता पक्की झाली, पाठांतर झालं, आता कॅमेऱ्यासमोर तालमी चालू आहेत.

हा प्रकार नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत स्टीव्ह ॲलन यांनी १९७७ ते १९८१ या काळात पीबीएस वाहिनीवर 'मीटिंग ऑफ माइंड्स' हा टॉक शो केला. नट ऐतिहासिक व्यक्ती होऊन यायचे आणि ॲलन त्यांना बोलतं करायचे. पहिल्याच बैठकीत थिओडोर रूझवेल्ट, क्लिओपात्रा, थॉमस अक्वायनस आणि थॉमस पेन अशी मंडळी! वेगवेगळ्या शतकांतली माणसं समोरासमोर बसली की आपापलं चरित्र सांगत न बसता एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. या खेळाचा सगळा जीव त्यातच आहे.

आपल्या नागपूरसाठी आम्ही तिघं निवडले. १७०२ साली हे शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, स्कॉटलंडहून आलेले मिशनरी आणि भूगर्भाचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप, आणि एम्प्रेस मिल ही कापडगिरणी काढणारे जमशेदजी टाटा. तिघंही बाहेरून आले आणि तिघांनीही या मातीत काहीतरी शोधलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एका नियमावर. पाहुण्याला आपल्या मृत्यूनंतरचं कितपत माहीत असावं? सगळं माहीत आहे असं धरलं तर तिघंही इतिहासाच्या मास्तरांसारखे बोलू लागतात. म्हणून ठरवलं, ज्याला त्याला आपल्या हयातीपुरतंच ठाऊक, पुढचं त्याने टेबलावरच ऐकायचं. हा नियम लागला आणि संहितेला एकदम धार आली.

एक जागा सांगतो. जमशेदजी मिलच्या जागेबद्दल बोलताहेत: जुम्मा तलावाजवळची दलदल, ती भरून काढायचा खर्च, आणि "जमिनीत सोनं पुरणाऱ्याला पैसा देत नाही" म्हणणारा मारवाडी सावकार. हा किस्सा नागपुरात आजही सांगतात. पुढे मिल चालली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं म्हणे, की टाटांनी माती पुरली आणि सोनं काढलं. आमच्या संहितेत टाटा इथवर पोचायच्या आत राजे मध्येच विचारतात, "कोणता तलाव?" कारण तो तलाव बांधला चांद सुलतानाने, म्हणजे यांच्या नंतर गादीवर आलेल्याने. यजमान ते सांगतो, त्यावर राजे काहीच बोलत नाहीत, फक्त टाटांकडे वळून "मग पुढे?" म्हणतात. त्या दोन शब्दांसाठी आमच्या नटाने जी मेहनत घेतली आहे ती पाहण्यासारखी आहे. आवाज चढवायचा नाही, पण आपल्या माणसाने शहर पुढे नेलं याचा आनंद डोळ्यांत दिसला पाहिजे.

हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ला. म्हणजे टाटा ज्या रेल्वेच्या भरवशावर बोलतात ती हिस्लॉपनी पाहिलेलीच नाही. त्यांनी गोंड लोकांच्या कथा-गाणी उतरवून ठेवली होती, ती कागदपत्रं त्यांच्या मागे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. हे यजमान त्यांना गोंड राजासमोर सांगतो. हा प्रसंग लिहिताना मी स्वतः हललो होतो, आणि भागाचा कळस तोच व्हावा असं माझं ठाम मत आहे.

तांत्रिक बाजूचं सांगायचं तर दोन अडचणी. मे महिन्यात रेकॉर्डिंग म्हणजे कूलर बंद ठेवावा लागतो, आणि कूलर बंद म्हणजे दहा मिनिटांत खोटी दाढी चिकटवायचा गोंद, म्हणजे स्पिरिट गम, सुटायला लागतो. म्हणून आता पहाटे साडेपाचला बसतो. दुसरी अडचण टाटांच्या डगलीची, म्हणजे पारशी पांढऱ्या कोटाची. कडक इस्त्रीचं कापड कॉलर माइकला घासून खरखर करत होतं. खळ न घालता धुतली, माइक आतल्या बाजूने मेडिकल टेपने चिकटवला, खरखर गेली. पोशाखी नाटक शूट करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

भाषेबाबत एकच सांगतो. हिस्लॉपना इंग्रजी हेल नाही, टाटांना गुजराती नाही. तिघंही साधी, स्वच्छ मराठी बोलतात. हेल आला की प्रेक्षक हसतो, आणि मग विचार बाजूला पडतो.

दुसऱ्या भागासाठी सीताबर्डीची लढाई घेतोय, २६-२७ नोव्हेंबर १८१७. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले, त्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट जेंकिन्स आणि भोसले घराण्यातल्या बाकाबाई. इथे अडचण उलटी आहे, तिघंही एकमेकांना पुरते ओळखतात. त्यामुळे चौथ्या खुर्चीवर त्या काळाबाहेरचं कुणीतरी हवं, ज्याला हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल. माझा कौल बख्त बुलंद शाहांनाच परत बोलवावं असा आहे. तुम्हाला कोण सुचतं ते सांगा, लिखाण पुढच्या आठवड्यात सुरू करतोय.