आमच्या मंडळीनं सल्लागार नेमला

चर्चला कन्सल्टंट लागतो हे ऐकून आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सदस्य आधी हसले, मग चिडले. "कायले पाहिजे बाहेरचा माणूस? हिस्लॉप साहेबानं कोणता कन्सल्टंट आणला होता?" मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले हे इथल्या ख्रिस्ती घरांत लहानपणीच कानावर पडतं, त्यामुळे मुद्दा वजनदार ठरला. हिस्लॉप स्वतःच स्कॉटलंडहून आलेले, म्हणजे बाहेरचेच, असं कोणीतरी पुटपुटलं. पण त्या दिवशीची सभा चहावरच आटोपली.

आमची मंडळी लहान आहे. नागपूरच्या सदर भागाच्या अलीकडे एका गल्लीत जुनी कौलारू इमारत, मागे पाळकसाहेबांचं घर. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीनं स्वतंत्र राहायचं ठरवलं. म्हणून आमच्यावर बिशप नाही, डायोसिस म्हणजे बिशपचा प्रांतही नाही. ट्रस्ट आमचा आणि गळकं छतही आमचंच. रजिस्टरवर सत्तरेक कुटुंबं, आणि रविवारी बाकांवर कशीबशी तीस-पस्तीस डोकी. कारण प्रत्येकाला माहीत होतं: तरुण पोरांना गिटार-ड्रम पाहिजे, आपण अजून पेटीवर आहोत.

पाळकसाहेबांनी एका रविवारी निर्गमचा 18वा अध्याय घेतला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसलाय. त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानाचा याजक, ते पाहून म्हणतो की हे काही बरं नाही, अशानं तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि एवढं सांगून इथ्रो आपल्या देशी परत जातो. उपदेश नेमका कोणासाठी होता ते सगळ्यांना कळलं. बाहेर पडताना आमचे ज्येष्ठ म्हणाले, "पण पास्टर, इथ्रोनं फी नव्हती घेतली." तरीही पुढच्या सभेत ठराव झाला, आणि सेक्रेटरी म्हणून सगळी धावपळ माझ्या गळ्यात पडली.

ओळखीपाळखीतून तिघांची नावं आली. एक मोठ्या सभा भरवणारे गृहस्थ होते. वर्षभरात हजेरी दुप्पट करून देतो म्हणाले, आणि मोबदला म्हणून वाढलेल्या दानाचा काही हिस्सा मागितला. त्यांना चहा पाजून निरोप दिला. दान वाढवण्यावर ज्याचं पोट आहे, तो माणूस आजारी म्हाताऱ्यांच्या घरी कशाला जाईल? दुसरे कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देणारे. स्लाइडी झकास, पण 'ग्राहक' हा शब्द इतक्यांदा आला की पाळकसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. तिसरे पुण्याचे, पूर्वी स्वतः पाळक होते. त्यांनी फी सांगायच्या आधीच यादी पाठवली: पाच वर्षांची दानाची वही, ऑडिट, बाप्तिस्मा-विवाह-दफन यांची रजिस्टरं, सभासदांचे आताचे पत्ते, ट्रस्टचे कागद. आमच्या खजिनदारांना घाम फुटला. मला मात्र तिथेच वाटलं, माणूस हाच.

करार साधा, दोन पानी केला. पण त्यातल्या काही अटींवर मी अडून बसलो, आणि कोणी विचारलं तर आजही त्याच अटी सांगतो. फी ठरावीक, तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता सहा महिन्यांनंतरच्या भेटीनंतर. लोकांशी तो एकेकट्याशी बोलेल आणि अहवालात कोणाचं नाव येणार नाही. अहवाल आधी समितीनं चाळून मग मंडळीला दाखवायचा, असं होणार नाही. तो एकाच दिवशी सगळ्यांसमोर वाचला जाईल. या शेवटच्या अटीवर चांगलीच खडाजंगी झाली. पैसा छताच्या निधीतून काढायचा नाही हेही ठरलं, कारण तो ज्या कामासाठी गोळा झाला त्याच कामाला लागला पाहिजे. वेगळं दान मागितलं, चेकनं पैसे दिले, ऑडिटरला विचारून टीडीएस कापला. एकूण रक्कम साधारण आमच्या नव्या साउंड सिस्टीमएवढी. साउंड सिस्टीमवर कोणी हू की चू केलं नव्हतं.

सल्लागार पहिल्यांदा आले तो नेमका कापणीच्या सणाचा रविवार. बाहेर मंडपात लिलाव रंगला होता. एक कोहळं कोणीतरी घ्यायचं, परत चर्चलाच द्यायचं, पुन्हा बोली लागायची. कामठीहून, हिंगण्याहून, सुट्टीवर आलेली पुण्याची पोरं, सगळी हजर. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आम्ही छाती फुगवून उभे. ते पोह्यांवर तर्री घेत म्हणाले, "आज आलेल्यांचे फोन नंबर कोणी लिहून घेतले का?" कोणीच नाही. लिलावाच्या वहीत कोहळ्याची किंमत होती, ते घेणाऱ्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी ते न सांगता मागच्या बाकावर येऊन बसले. गीताचा नंबर सांगितला गेला, सगळे उभे राहिले. त्यांच्या हातात पुस्तक नाही. आमच्याकडे घरून गीतांचं पुस्तक आणायची पद्धत आहे. चर्चच्या प्रती आहेत, पण कपाटात, आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. अहवालात हे एका ओळीत आलं आणि वाचताना हशा पिकला. पुढच्या ओळींना कोणी हसलं नाही.

रजिस्टरं पत्त्यांशी जुळवल्यावर चित्र वेगळंच निघालं. विशी-पंचविशीतले आमचे बहुतेक पोरं-पोरी नोकरीसाठी पुण्या-बंगळुरात आहेत. ती चर्चवर रुसून गेली नव्हती, नागपूर सोडून गेली होती. गिटारचा काही संबंध नव्हता. मोहननगर, इंदोऱ्यातली जुनी कुटुंबं बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडे सरकली होती. सकाळी आठच्या उपासनेला म्हाताऱ्या आईला घेऊन हुडकेश्वरहून यायचं म्हणजे जाण्यायेण्याची ऑटो करणं आलं. मेट्रो तिकडे जात नाही. जे तरुण गावातच आहेत त्यांनी सांगितलं, आम्हाला खुर्च्या उचलायला आणि प्रोजेक्टर लावायलाच बोलावतात. आणि छताच्या निधीचं काय झालं, हा प्रश्न कितीतरी जणांनी वेगवेगळा विचारला होता. गंमत म्हणजे हिशेब चोख होता, ऑडिटही झालेलं. मंडळीला तो कधी वाचूनच दाखवला गेला नव्हता.

सगळ्यात मोठा धक्का आम्ही न विचारलेल्या गोष्टीतून बसला. ट्रस्टचा शेड्यूल एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीची प्रत काढली, तर त्यात नोंदलेल्या विश्वस्तांपैकी निम्मे कबरस्तानात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो मागच्या दोन समित्यांच्या काळात दिलाच गेला नव्हता. उद्या छतासाठी कर्ज काढायचं तर कागदोपत्री सही करणार कोण? सल्लागारांनी सरळ सांगितलं, हे माझं काम नाही, वकील पाहा. वकील पाहिला, विलंब माफीच्या अर्जासकट फाइल गेली.

सगळ्याच सूचना आम्ही घेतल्या नाहीत. संध्याकाळची वेगळी इंग्रजी उपासना मंडळीनं फेटाळली, आणि माझ्या मते योग्यच केलं. आहेत त्याच माणसांचे दोन भाग झाले असते. उपासना साडेनऊला नेली, उन्हाळ्यात मात्र साडेसातला, कारण मे महिन्यात नागपुरात साडेनऊला कौलाखाली बसवणं म्हणजे परीक्षाच. दर तिमाहीचा हिशेब नोटीस बोर्डावर लागतो. बेसा-मनीषनगर, जरीपटका आणि हिंगणा रोड अशा तीन घरगुती प्रार्थना सुरू झाल्या. पहिल्या दोन चांगल्या चालतात. हिंगण्याची मरगळलीय, कारण तिथे सगळे शिफ्टवाले, एक वेळ जमत नाही. अहवाल उघड वाचल्याचा राग येऊन एक कुटुंब दुसऱ्या चर्चला गेलं ते गेलंच.

सहा महिन्यांनी ते परत आले तेव्हा हजेरी थोडी वाढलेली होती, दुप्पट वगैरे काही नाही. शेवटचा हप्ता रोखून धरावा असं आमच्या ज्येष्ठांचं म्हणणं पडलं: "वाढले किती, ते मोजा पहिले." पाळकसाहेबांनी करार काढून दाखवला. त्यात हजेरीचा आकडा कुठेच नव्हता, तो आम्हीच मुद्दाम घातला नव्हता. चेक त्याच दिवशी दिला. बदल अर्जाची सुनावणी अजून चालू आहे, आणि त्या तारखांना वकिलाबरोबर आता आमचे ज्येष्ठच जातात.