आरसी ३९०, मागचा शॉक आणि बाबांचं व्हर्निअर

कळव्याकडून ऐरोलीला जाताना विटाव्याला रेल्वेखालून जावं लागतं. रोज जाणाऱ्याला तिथला एकेक पेव्हर ब्लॉक तोंडपाठ असतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझी केटीएमची मोटरसायकल, आरसी ३९०, तिथे आदळली की दोन-तीनदा डुलायला लागली. खड्डा मागे पडायचा आणि शेपूट वर-खाली होतच राहायची. पुढे ठाणे-बेलापूर रोडच्या काँक्रीटच्या सांध्यांवर तर एक धक्का संपायच्या आत दुसरा यायचा आणि मागचं चाक क्षणभर रस्ता सोडतंय असं वाटायचं. गाडी ३८ हजार किलोमीटर चाललेली. मागच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे शॉक, हा टायरसारखा झिजणाराच भाग आहे, फक्त त्याची झीज डोळ्यांना दिसत नाही.

त्यातली स्प्रिंग धक्का साठवते. डॅम्पर तो साठलेला जोर तेलातून बारीक भोकांवाटे जिरवतो, त्याची उष्णता करून टाकतो. तेल थकलं आणि सील झिजलं की स्प्रिंग एकटी पडते, आणि एकट्या स्प्रिंगला डुलण्याशिवाय दुसरं काही येत नाही. माझ्या गाडीत तेच झालं होतं. पण तेवढंच नव्हतं, आणि ते मला बाबांनी मापं घ्यायला लावल्यामुळे कळलं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी त्यांचं व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, अजून तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं असतं. नवा शॉक घ्यायचा म्हणून मी मोबाइलवर फोटो दाखवायला गेलो तर त्यांनी फोटो पाहिलाच नाही. म्हणाले, "आत्ताचा किती बसतोय ते मोजलंस का?"

"नाही, पण बाबा, तो गेलाय हे तर दिसतंच आहे."

"गेलाय तो डॅम्पर. स्प्रिंग तुझ्या वजनाची आहे का, ते कुठे बघितलंस? आधी माप घे."

गाडी वजनाने किती खाली बसते, या मापाला सॅग म्हणतात. मागच्या एक्सलच्या बरोबर वर, टेलच्या पॅनेलवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेनाने रेघ मारली. एक्सलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर तीनदा घ्यायचं. पहिलं माप मागचं चाक पूर्ण हवेत लोंबतं ठेवून, दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी करून, आणि तिसरं स्वार जॅकेट, हेल्मेट, बूट घालून चालवताना बसतो तसा बसल्यावर. दोन माणसं तरी लागतातच. आम्ही तिघं होतो: मी गाडीवर, शेजारचा मुलगा हँडल धरून आणि बाबा टेप घेऊन खाली वाकलेले. सील चिकटून शॉक अडकतो म्हणून प्रत्येक वेळी एकदा गाडी दाबून आणि एकदा उचलून सोडायची, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी धरायची.

आमचे आकडे असे आले: लोंबत्या चाकाला ६१२ मिलिमीटर, नुसत्या गाडीला ५९४, मी बसल्यावर ५५६. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने १८ मिलिमीटर बसत होती आणि माझ्यासकट ५६. या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण चाल १५० मिलिमीटर. त्यातली एक तृतीयांशाहून जास्त मी नुसता बसूनच खात होतो, खड्डा यायच्या आधीच. रस्त्यावरच्या स्पोर्ट गाडीला स्वारासकट ३५ ते ४० मिलिमीटर चांगले मानतात.

मूळ शॉकवर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, तेवढा बदलता येतो. तो हुक-पान्याने शेवटच्या खाचेपर्यंत नेला. स्वारासकट सॅग ५६ वरून ४४ झाला, पण नुसत्या गाडीचा १८ वरून ६ वर आला. अजून कसला असता तर गाडी एकटी उभी असताना शॉक पूर्ण ताणलेलाच राहिला असता, म्हणजे उंचवट्यावरून उतरताना चाकाला खाली जायला जागाच नसती. नवा शॉक घेणाऱ्या प्रत्येकाने हे ताडून पाहावं असं मला मनापासून वाटतं: स्वारासकटचं माप जमवताना नुसत्या गाडीचं माप जवळजवळ संपत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी नरम आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त वर उचलली जाते. माझं वजन ९१ किलो, सगळं अंगावर चढवून ९८. त्याच मूळ स्प्रिंगवर ६५ किलोचा माणूस आनंदात असेल.

म्हणून ऑर्डर देताना मी वजन कळवून एक पायरी जड स्प्रिंग मागवली. शॉकच्या ब्रँडचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. प्रीलोड आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत उलगडण्याचा वेग) वेगवेगळे बदलता येतील आणि वजनानुसार स्प्रिंग मिळेल, या दोन अटींत बसणारे बरेच आहेत. पैसे भरपूर गेले. पार्सल यायला सहा आठवडे लागले.

पहिल्या रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढलं, आणि मुख्य प्रश्न उभा राहिला तो गाडी टांगायची कशी हा. मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड इथे कामाचा नाही, उलट धोक्याचा आहे. तो उचलतो स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, आणि गाडीचं वजन स्विंगआर्मवर येतं ते शॉकमधूनच. शॉकचा बोल्ट काढलात की शेपूट खाली बसते, बोटं मध्ये असतील तर बोटांसकट. इंजिनखाली जॅक लावावा तर या जुन्या आरसीचा सायलेन्सर तिथेच पोटाखाली आहे. त्यामुळे वजन फ्रेमलाच वरून धरायला हवं. वरच्या मजल्यावर रंगकाम चालू होतं. रंगाऱ्यांचा जाड लाकडी घोडा मागून आणला, तो गाडीच्या शेपटीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा केला, आणि सीट काढून तिच्याखालच्या सबफ्रेमच्या नळ्यांतून दोन रॅचेट पट्टे घेतले. एक तुटला तर दुसरा असावा म्हणून दोन. पुढचा ब्रेक रबरी पट्ट्याने आवळून ठेवला, पुढच्या चाकाला दोन्हीकडून विटा लावल्या. मागचं चाक जॅक मावेल एवढं उचललं आणि त्याखाली गाडीचा, म्हणजे चारचाकीचा, लहान कात्री-जॅक ठेवला.

त्या जॅकवर सगळं काम तोललेलं होतं. शॉकवर थोडंही वजन किंवा ओढ असेल तर बोल्ट जाम बसतो. बळ लावून ठोकला की आटे जातात. चाक जॅकने दोन-चार मिलिमीटर वर घ्यायचं, बोल्ट बोटाने फिरवून पाहायचा, नाही फिरला तर थोडं खाली. एका ठिकाणी तो अचानक हलका होतो आणि चिमटीत धरून बाहेर येतो. वरचा बोल्ट असाच, फ्रेमच्या नळ्यांमधून हात घालून, पंधरा मिनिटांत निघाला.

खालचा निघेना. सहा पावसाळ्यांचं पाणी आणि चिखल त्या सांध्यात साचलं होतं. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, तरी नट हलत नव्हता. मी पान्याला पाइप लावायला निघालो तर बाबांनी हात धरला. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करायला लावले, पुन्हा तेल, चहा होईपर्यंत थांबणं, मग पाव फेरा आवळायच्या दिशेला आणि मग सोडायला. कट्ट असा आवाज झाला आणि नट सुटला. गंजलेला नट आधी थोडा आवळून मग सोडला की गंजाची पकड तुटते, हे त्यांना हाताला माहीत होतं.

जुना आणि नवा शॉक वर्तमानपत्रावर शेजारी ठेवले. दोन्ही डोळ्यांमधलं अंतर, म्हणजे वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं, नव्याचं २ मिलिमीटर जास्त निघालं. आरसीला मध्ये लिंकेज नाही, शॉक थेट स्विंगआर्मवर बसतो, आणि तरफेमुळे शॉकमधल्या एका मिलिमीटरला चाकाशी दोनाहून जास्त मिळतात. म्हणजे शेपूट चार-पाच मिलिमीटर उंच होणार. तेवढं चालतं, वळताना गाडी थोडी चपळच होते.

न चालणारी गोष्ट खालच्या टोकाला निघाली. शॉकच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना स्विंगआर्मचे कान आणि डोळा यांच्यातली जागा भरायला कॉलर असतात. सोबत आलेले कॉलर घालून शॉक बसवला तर तो डावी-उजवीकडे खडखडत होता. बाबांनी व्हर्निअर लावलं: एकूण १.४ मिलिमीटर फट. विक्रेत्याला फोन केला तर "वॉशर टाका किंवा बोल्ट घट्ट आवळा, बसेल" असं उत्तर मिळालं. मला त्याचा फार राग आला. बोल्टने फट मिटवायची म्हणजे अॅल्युमिनियमचे कान आतल्या बाजूला वाकवायचे. अॅल्युमिनियम एकदा वाकेल, दोनदा वाकेल, आणि एका रविवारी घाटात तडकेल. पातळ वॉशर तिथे दळला जातो आणि महिन्याभरात तीच फट परत येते.

काम तिथेच थांबलं. गाडी आठवडाभर घोड्यावर लटकत ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून जुना शॉक परत बसवला.

सोमवारी बाबा मला वागळे इस्टेटमध्ये त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे घेऊन गेले. एका गाळ्यात दोन लेथ. काकांनी कॉलर हातात घेतला, तळहातावर फिरवला आणि विचारलं, "जोर कुठून येतो याच्यावर?" काय बनवायचं हे त्यांनी नंतर विचारलं. आडवा जोर थोडा, फिरणं थोडं, पाणी भरपूर, असं सांगितल्यावर त्यांनी स्टेनलेसचा गोल काढला. चकमध्ये आवळला, आधी तोंड फेस केलं, मग ड्रिल, मग बोअर. कीस लांब चकचकीत वेटोळ्यांनी ट्रेमध्ये पडत होता. भोक बोल्टच्या मापाला आलं तसं त्यांनी मशीन थांबवून आमचाच बोल्ट घालून पाहिला. न अडखळता, पण हलकासा हवा धरून, सरकत गेला. मग मूळपेक्षा ०.७ मिलिमीटर जाड ठेवून तोडला, कड मारली. दुसराही तसाच. चाळीस मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाले, "तुझ्या बाबांनी माझे किती जॉब वाचवलेत, तू काय देणार?" शेवटी मी मटेरियलचे पैसे जबरदस्तीने ठेवले.

पुढच्या रविवारी सगळं दीड तासात झालं. बुशला ग्रीस, खालचं टोक आधी, मग जॅकने चाक वर-खाली करत वरचं भोक जुळवलं. नवे कॉलर बोटाच्या दाबाने आत गेले आणि शॉक तसूभर हलला नाही. नट नवे घेतले, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला आवळले, आणि आईच्या नेलपॉलिशने बाबांनी नट आणि स्विंगआर्म मिळून एक बारीक लाल रेघ ओढली. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते.

मग पुन्हा टेप. नव्या शॉकवर पहिला सॅग माझ्यासकट ३३ आणि नुसत्या गाडीचा ३ आला. प्रीलोडची रिंग दोन फेरे सैल केल्यावर ३९ आणि ९. दोन्ही आकडे एकदम जागेवर आले तेव्हा बाबा टेप गुंडाळत एवढंच म्हणाले, "आता स्प्रिंग तुझी." शेपूट उंचावल्यामुळे दोन गोष्टी परत बघाव्या लागल्या, त्या बहुतेक जण विसरतात. एक, चेन. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्म ज्यावर फिरतो तो पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते, त्यामुळे बसण्याची उंची बदलली की ढिलाई नव्याने तपासावी. दुसरं, हेडलाइट. मागून गाडी उचलली की प्रकाश जवळ पडतो, रात्री त्याचा त्रास होतो.

नव्या शॉकमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. त्याच्या डब्याजवळ ड्रिल किंवा हीटगन नेऊ नये, उघडायचा असेल तर सस्पेन्शनवाल्याकडेच द्यावा.

रिबाउंडचा स्क्रू आधी पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत उघडायचा, म्हणजे कधीही त्याच जागी परत येता येतं. १२ क्लिकपासून सुरुवात केली. सीट दाबून सोडली की शेपूट एकदाच वर यावी आणि थांबावी. १२ वर ती किंचित पुढे जाऊन परतत होती, १० वर थांबली. त्यानंतर एका वेळी एकच बदल, तोही दोन क्लिकचा, आणि वहीत नोंद.

पुढच्या शनिवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेजला गेलो. कल्याण ओलांडेपर्यंत अंदाज येत नव्हता. मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसं जाणवलं की मी खड्डा आला की पाय ठेवायच्या पेगवर उभा राहणं विसरलोय. घाटातल्या एका डाव्या वळणात डांबराला लाटा आहेत. तिथे पूर्वी मागचं चाक बाहेर उडी मारायचं आणि मी थ्रॉटल सोडायचो. या वेळी लाटा हाताला कळल्या, पाठीला कळल्या, पण चाक रेघेवरून हललं नाही. दरीच्या कडेला गाडी लावून बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नटावरच्या लाल रेघेचा.

तेव्हा बघितली नव्हती. परत आल्यावर बघितली, मग ५०० किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंच लावूनही बघितली. नट हलला नाही. आज सकाळी विटाव्याहून येऊन गाडी धुतली, तेव्हा चिखलाखालची लाल रेघ अखंड होती.