कोयता कोणाच्या नावावर?

माझ्या आईने एकोणीस हंगाम ऊस तोडला आणि त्या एकोणीस हंगामांतल्या एकाही कागदावर तिचे नाव नाही. मागच्या महिन्यात वडिलांची जुनी पत्र्याची पेटी आवरताना मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराच्या, हिशेबाच्या दोन वह्या आणि सुतळीने बांधलेली वजनाच्या चिठ्ठ्यांची जुडी हाती लागली. वहीत वडिलांचे नाव, त्यापुढे 'एक कोयता', खाली उचलीची, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांची, रक्कम, मग खाडे (चुकलेले दिवस), किराणा, दवाखाना आणि शेवटच्या ओळीत 'बाकी'. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आईला विचारले, तर ती म्हणाली, "माझं नाव कशाला लागतंय बाई? कोयता तुझ्या दादाच्या नावावर व्हता." पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणारी बाई त्या वहीत कुठेच नव्हती.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत, ज्यांनी बालपण काढले त्यांना कोयता म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकाकडे निघतात आणि गाळप संपले, पट्टा पडला की परततात. हिशेबात बाई अर्धी धरली जाते खरी, पण तो अर्धा भागही तिच्या हाती येत नाही. उचल नवऱ्याच्या हाती पडते आणि फेडीचे ओझे दोघांच्या अंगावर राहते. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा 1976 साली झाला. ते तत्त्व आता वेतन संहितेत आहे. पण ते लागू करायचे तर बाईला निदान वेतन मिळते हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते, आणि इथे नेमके तेच लिहिलेले नसते.

आता मजुरीकडे पाहू. जानेवारी 2024 मध्ये साखर कारखाना संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनामागचा दर साधारण 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. वाढ मोठी होती आणि ती लढून मिळाली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हिशेब मांडून पाहावा. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली असेल, तर 366 रुपयांच्या दराने ती फेडण्यासाठी 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडला तर 137 दिवस लागतात. दीड टन तोडला तर 182 दिवस, म्हणजे पुरते सहा महिने. ज्या वर्षी ऊस कमी असतो त्या वर्षी हंगाम इतका चालतच नाही. याशिवाय चार-पाच महिन्यांचे खाणेपिणे आणि पोरांची आजारपणे त्याच उचलीतून भागवायची असतात. गाडी वेळेवर आली नाही किंवा कारखान्याचे गाळप बंद पडले, तर बसून राहिलेल्या दिवसाची मजुरी मिळत नाही. म्हणून 'बाकी' पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जाणे भाग पडते.

माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी दरापेक्षा मोठा प्रश्न आहे: ऊसतोड मजुराचा मालक कोण? मजुराला विचारा, तो मुकादमाचे नाव सांगेल. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा, मी फक्त वाटप करतो. कारखाना म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून कापला जातो, आम्ही तो त्याच्या वतीने देतो, शिवाय आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी आहे. आणि ज्याच्या बिलातून पैसा जातो त्या शेतकऱ्याला आपल्या फडात कोण राबून गेले, याची नावेसुद्धा ठाऊक नसतात. कोणता ऊस कधी तोडायचा, कोणती टोळी कोणत्या गावाला पाठवायची, गाडीचे वजन कुठे करायचे, हे सगळे कारखान्याच्या शेतकी विभागातून ठरते. काम ज्याच्या हुकमाने चालते तो मालक, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षे का लागावीत, हे मला समजत नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही ते टिकले आहे. त्या तत्त्वाचा आधार मागायचा, तर मुख्य मालक म्हणून कोणाकडे तरी बोट दाखवता आले पाहिजे.

कायद्याने आखलेल्या सीमाही आमच्या लोकांच्या वाटेत आडव्या येतात. स्थलांतरित मजुरांसाठीचा 1979 चा कायदा आंतरराज्य मजुरांचा होता आणि आता त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही 'आंतरराज्य' हा शब्द कायम आहे. बीडहून निघालेली टोळी कागलच्या शिवारात असेल तर ती त्या व्याख्येत बसत नाही. तीच टोळी काही किलोमीटर पुढे कर्नाटकातल्या निपाणीच्या फडात गेली की बसू शकते. घर सोडून शेकडो किलोमीटर दूर, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसाला या दोन्ही ठिकाणी काय वेगळे वाटत असेल?

वेठबिगार निर्मूलनाचा 1976 चा कायदा मात्र राज्याची हद्द पाहत नाही. आगाऊ रकमेपोटी माणसाला दुसरीकडे काम करण्याचे किंवा निघून जाण्याचे स्वातंत्र्य उरत नसेल, तर ती वेठबिगारी ठरते आणि ते कर्जच रद्द होते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. आमच्या गावातल्या एका कुटुंबाला उचल फिटली नाही म्हणून दोन आठवडे कोपीबाहेर पडू दिले नव्हते. त्या वेळी हा कायदा आम्हा कोणालाच माहीत नव्हता.

संघटनांविषयी लिहिताना मी कृतज्ञतेने लिहिते. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्या काळात कोयता बंद ठेवण्याची ताकद आमच्या माणसांना कळली आणि त्यातून प्रत्येक करारात दर वाढत गेला. परंतु ज्या टेबलावर मजुरी ठरते, त्याच टेबलावर मुकादमाचे कमिशनही ठरते. 2024 च्या तडजोडीत ते 20 टक्के झाले. मुकादम पुष्कळदा मजुराच्याच गावचा, भावकीतला असतो आणि कारखान्याने पैसे अडवले तर तोही बुडतो, हे मी पाहिले आहे. तरीही ज्याच्या वहीत मजुराची बाकी लिहिली जाते, त्यानेच संघटनेत मजुराच्या वतीने बोलावे, ही व्यवस्था मजुराला कधीच पुरी पडणार नाही. तोडणाऱ्यांची, आणि त्यातही बायांची, वेगळी संघटना त्या टेबलावर हवी.

बायांचे म्हणते, कारण खाड्याचा दंड त्यांच्या शरीरावर उतरतो. पाळीच्या दिवसांत किंवा बाळंतपणानंतर काम चुकले तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड कापला जातो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी शासनाने केली, तेव्हा सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या दोघी माझ्या चुलत्या आहेत. दोघींनीही तेव्हा वयाची पस्तिशी गाठलेली नव्हती.

या दसऱ्याला टोळी निघण्याआधी मी गावातल्या घराघरांत एकेक दोनशे पानी वही दिली. तारीख, गाडीचे वजन, चिठ्ठीचा क्रमांक आणि घेतलेले पैसे असे चार रकाने आखून दिले आणि पहिल्या पानावर नावे लिहू लागले. शेजारच्या काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ह्यांचं नाव मुकादमाच्या वहीत हायेच. ह्या वहीत माझं लिही, पूर्ण लिही." मी त्यांचे नाव लिहिले आणि वही त्यांच्याकडे दिली. भांड्यांच्या गाठोड्यात, तव्याखाली ती ठेवून त्या ट्रॅक्टरमध्ये चढल्या.